डावा दात

ओहोटी पहाटे तीनला. उजेड तर रात्रभर होताच,
कंदलक्षाच्या आखातात जूनमध्ये
सूर्य मावळण्याचं नुसतं नाटक करतो.
गुडघाभर काळ्या चिखलातून नळकांडी भरून आणली,
चाळली, धुतली, गुलाबी रंगात बुडवली,
आणि आता काचेवर, ग्लिसरिनच्या थेंबात
हा एक: लांबी दोन मिलिमीटर, जाडी विचारू नका.

"शेपटापासून सांग, केशा,"
तायसिया येवलाम्पियेव्ना म्हणते.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चाळीस वर्षं याच भिंगाला डोळा लावून होती,
आता खिडकीकडे पाठ करून बसते,
मोरोश्काच्या पिवळ्या मुरंब्याचा चमचा चाटत,
आणि तिच्या वाटचं मी पाहतो.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणतात.
आमच्याकडे राहिलेल्या शेपटावरूनच हत्ती ओळखायचा.
"आधी निमुळतं, मग दोऱ्यासारखं. टोकाशी जरा फुगलेलं."
"ग्रंथी?"
"तीन."
"त्यातूनच डिंक सुटतो. भरती आली की
वाळूच्या कणाला शेपूट चिकटवून बसतो बेटा. पुढे."

पुढे म्हणजे मान, आणि मानेच्या वर डोकं,
जे डोकं आहे हे मला पहिले दोन महिने पटलंच नव्हतं.
"डोक्याचे केस?"
"दहा. आखूड."
"वासाचा खळगा?"

इथे घाई चालत नाही.
कुणाचा तो नुसता शून्य असतो,
कुणाची वेलांटी, अडीच वेढ्यांची,
कुणाचा लांबलचक काना, मानेवरून खाली ओढलेला.
जणू चिखलात कुणी बाराखडी सांडली
आणि एकेक अक्षर वळवळत निघून गेलं.
"खिसा," मी म्हणतो. "शर्टाला असतो तसा."
"हं. तोंड उघड त्याचं."

तोंड म्हणजे पिंप. पिंपात दात.
"तीन. एक मोठा."
"कुठला?"
"डावा."
"कुणाचा डावा? तुझा, की त्याचा?"

मी गप्प.
"उताणा आहे का पालथा? आणि भिंग उलटं दाखवतं,
ते आजपासून बंद झालं का?"
मग मी खुर्चीत उलटा बसलो, दोन्ही हात वर केले,
मनातल्या मनात पाठीवर झोपलो,
तोंड आ वासून जिभेनं स्वतःचे दात चाचपले.
दारातून मोटरबोटवाला एर्मिल बघत होता,
बिचारा काही न बोलता निघून गेला.

"उजवा," शेवटी मी म्हटलं.
"मग विस्कोसिया." चमचा बरणीत परत.
"डावा असता तर ऑन्कोलायमस. चुलत घर.
दातावरून घरं वेगळी झाली त्यांची,
माणसांची तर कशाकशावरून होतात."

एकसष्टावी काच मात्र अडली.
मी सगळं सांगितलं: कातडीवर ठिपक्यांच्या रांगा,
वेलांटी आहे, पण भलत्याच बाजूला वळलेली,
घशाच्या शेवटी कांद्याएवढा, म्हणजे कांद्यासारखा, फुगा.
ती ऐकत राहिली. मुरंब्यावर माशी बसली.
"नर?"
"नाही. मादीच. एकटी. पोटात एक अंडं."
"नराचे काटे पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही,"
आणि ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत.
"हेच मला कोव्द्याच्या म्हाताऱ्या सांगायच्या.
मी नाही केलं लग्न. नाव आहे ना मला?"

चिठ्ठीवर मी लिहिलं: काळा चिखल, ओहोटीची रेषा,
मादी, एक. नावाची जागा कोरी.
काचेभोवती मेणाचं कडं ओतलं.

पुढची अळी उचलायला काडी घेतली.
काडीच्या टोकाला डकवलेला पापणीचा केस तिचाच आहे,
अजून काळा.
ऑगस्टात ती पेत्रोझावोद्स्कला जाईल, डोळे करून घ्यायला.
"आल्यावर," तिनं बजावलंय,
"तुझे सगळे उजवे-डावे मी स्वतः पाहणार."