नऊ ओळींची रात्र

मी कृषी सहायक. औशाकडच्या सात गावांत
लोक मला साहेब म्हणतात
आणि मोटारसायकल बंद पडली की ढकलूही लागतात.

प्रयागबाई जानकरांच्या दहा गुंठ्यांत
ज्येष्ठात सकर लावले, अंतर मीच सांगितलं.
महिन्याने तिने शेंडे खुडले, नखाने,
एकेकाला "लागलं का रं" विचारत.
झिपरी शेवंती. नाव तिला पसंत होतं:
"माझ्या धाकटीवानी. तेल लावू देत न्हवती."

आश्विन लागला. विहिरीकडच्या टोकाला कळ्या आल्या,
मुगाएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या.
रस्त्याकडच्या नऊ ओळी मात्र
नुसत्याच वाढत राहिल्या, हिरव्यागार,
रोज शाळेत येऊन पाटी कोरी ठेवणाऱ्या पोरांसारख्या.

मी पानं उलटून पाहिली. मावा नाही, तांबेरा नाही.
माती चिमटीत घेऊन हुंगली.
हुंगून काही कळत नसतं,
पण समोरच्याला बरं वाटतं.
पोटॅश सांगितलं. वहीत लिहिलं: निरीक्षण चालू.

निरीक्षण तिचं चालू होतं.
रात्रीची लाईट, पाणी सोडायला उठली,
त्या ओळींत जरा टेकली
आणि मनगटावरचं गोंदण
तिला ठिपका न् ठिपका दिसलं. अमावास्येला.
सकाळी फोन:
"सायब, ह्यास्नी रात्रच मिळंना."

श्रावणात पंचायतीने फाट्यावर हायमास्ट उभारला होता.
सहा दिवे. उद्घाटनाला मीही होतो, पेढा खाल्ला होता.
शेवंतीला लांब रात्र लागते, मधे न तुटलेली,
हे मी कॉलेजात दोन मार्कांसाठी लिहिलं होतं.
दोन्ही मिळाले होते.

म्हटलं, शफी वायरमनला सांगतो,
नऊला बंद करील.
ती काही बोलली नाही. रात्री मला फाट्यावर घेऊन गेली.

दिव्याखाली कांबळ्यांची आम्रपाली पळत होती.
फाट्यापासून पुलापर्यंत, पुलापासून फाट्यापर्यंत,
मोबाईल मुठीत, सेकंद स्वतःच मोजत.
दिवसभर लातूरला डाळमिलवर,
केसांत अजून तुरीचा भुसा.
गेल्या भरतीला आठशे मीटरमध्ये
चार सेकंदांनी राहिली होती.

"दिवा ऱ्हाऊ द्या," प्रयागबाई म्हणाली.
"रात्र मी बघते कुठनं आणायची ती."

बांबू रोवले. पेटीतून साड्या निघाल्या,
गडद तेवढ्याच: जांभळी, वांगी रंगाची,
सासूची विरलेली चंद्रकळा,
कमी पडलं तिथे शेततळ्याचा फाटका कागद.
दिवस बुडाला की नऊ ओळींवर रात्र ओढायची,
उजाडलं की झटकून घडी घालायची.
एक टोक तिच्या हाती, दुसऱ्याला कधी जाऊ, कधी शेजारीण,
सोमवारी आणि गुरुवारी मी.
रात्रीला वजन असतं, मला माहीत नव्हतं.
दवाने भिजली की मनगटं भरून येतात.

बाविसाव्या सकाळी तिने चंद्रकळेची कड उचलली
आणि नुसती उभी राहिली.
मुगाएवढी. एक. मग तिच्या मागे कितीतरी.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी
अकरा क्रेट लातूरला गेले. भाव बरा होता.
भावाचं ती कुणाला सांगत नाही, मीही सांगणार नाही.

फक्त बांधाच्या कोपऱ्यातलं एक झाड
तिने कधीच झाकलं नाही.
साडी पुरली असती, मी मोजून पाहिलं होतं.
विचारलं, तर दोरी गुंडाळत म्हणाली,
"एखाद्यानं जागं ऱ्हावं की.
पोरगी एकटीच पळती."

ते आता माझ्या छातीला लागतं. फूल नाही, कळी नाही.
वहीत त्याच्यापुढे काय लिहावं,
तसा रकाना शासनाने दिलेला नाही.