जिवाणी

चरईत, तिसऱ्या मजल्यावर, मगदूम काकूंच्या नळाचा वॉशर गेलेला.
टेफ्लॉनची टेप दातांत धरून मी वाकलो.
तोटीला दुहेरी सुती फडकं, गाठ घट्ट.
"हळू सोड. जीव असतात त्यात."

गाळून झालं की फडकं उलटं धुवायचं,
आणि ते धुवण, जिवाणी,
ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात परत.
माहेरी विहीर होती, बुडाला कडी लावलेली बादली होती,
पाण्याला टेकल्यावरच कलंडणारी.
"इथं कुठं सोडू? हे पाणी येतं कुठनं रे?"

शहाडहून, म्हटलं. उल्हास नदी. पंप, पाइप, टाकी.
क्लोरीनचं बोललो नाही.

परवा कोपरीच्या विहारात भन्ते सांगत होते,
भिक्खूच्या आठ वस्तूंत एक पाण्याची गाळणी.
दोघेही त्याच मगधात चालले, त्याच धुळीतून,
भेटले नाहीत म्हणे कधी.
गाळणी मात्र दोघांच्याही माणसांच्या हातात.

माझ्या आज्यालाही गाळलेलंच पाणी मिळायचं.
वरून. ओंजळीत. हात लांब ठेवून.
किड्याला विहिरीत परत जाता यायचं.
हे काकूंना सांगणार होतो.

त्यांनी बाटली पुढे केली. "गुडघे चालत नाहीत रे."
बोटाला बोट लागलं.

रविवारी बहिणीकडे जाताना
शहाडच्या पुलाशी रिक्षा सोडली.
बाटलीत काहीच दिसत नव्हतं.
तरी चिखलात उतरलो, पार काठाला,
आणि पाण्याला टेकवूनच ओतली.