बियाण्याची टोपली

सरकारी दाखल्यावर तिचं वय एक्क्याण्णव.
ती म्हणायची, त्र्याण्णव.
पाद्री होडीतून यायचा, दोन-दोन वर्षांनी.
बाप्तिस्म्याला मी कुणाच्या कडेवर नाही गेले,
माझ्या पायांनी गेले, वाटेत एकदा पडलेसुद्धा.

चिलोएच्या आमच्या खाडीत एर्सिलिया तिघी होत्या.
एक तोतरी, एक दर्यापलीकडची,
आणि ही, घरात बसून टेकडी चढलेली.

मे महिन्यातल्या त्या रविवारी जमीन हलली
आणि समुद्र उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत आला.
मग जानेवारीत, आमच्याकडच्या उन्हाळ्यात,
शेजाऱ्यांनी बारा बैलजोड्या लावल्या,
घर ओंडक्यांवर चढवलं
आणि ओढायला लागले.
बाहेर ये, बाई, म्हणाले सगळे.
ती म्हणाली, दूध ठेवलंय, उतू जाईल.
खाटेवर तीन पोरं, पोटात माझी आई.

खिडकीतून सफरचंदाची झाडं गेली,
देवळाचा लाकडी मनोरा गेला,
मग जावेचं कुंपण आलं.
सात वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं,
एका डुकरिणीपायी.
बैल दम खायला थांबले ते नेमके तिथे.
आजीने खिडकीतून डोकं काढून विचारलं,
कडू चहा घेतेस?
आणि जाऊ परकर सावरत
चालत्या घरात चढली.

आन्सेल्मो, माझा आजोबा, पातागोनियात
दुसऱ्यांच्या मेंढ्या भादरायचा.
दर हिवाळ्याच्या तोंडाशी यायचा,
अंगाला लोकरीच्या तेलाचा वास.
एका वर्षी नुसती कात्री आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
ती रडली असेल. आम्ही कुणी पाहिलं नाही.
पाहिलं ते एवढंच, की त्या कात्रीने
तिने पुढची चाळीस वर्षं घरातली सगळी डोकी कापली.
आमचे शाळेतले फोटो बघा,
एकजात भादरलेली मेंढरं.

आणि बटाटे.
काळे, जांभळे, बोटासारखे वाकडे,
कापल्यावर आत लाल कडं निघणारे.
वाणाला नाव देणारीचं:
दोमितिला, रोसेंदा, आंधळी कार्मेला.
घरात नवी सून आली की ओंजळभर बियाणं,
दुसरा दागिना नाही.
विकतचं बियाणं रुसतं, म्हणायची,
मागून आणलेलं रुजतं,
आणि चोरलेलं असेल तर विचारूच नका.
मग या टोपलीत चोरीचं किती?
ती नुसती हसली,
वरच्या दोन दातांनी.

शेवटी शेवटी मुलांची नावं गेली.
मोठ्या मामाला ती 'अहो पाहुणे' म्हणायची,
तो बिचारा खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाहुण्यासारखा.
मला म्हणायची दोमितिला.
मी आनंदले. वाटलं, जुनी मैत्रीण दिसत असेल माझ्यात.
आईने सांगितलं, नाही गं,
तो लांबट, जांभळा. उशिरा शिजतो.

नऊ रात्री प्रार्थना झाली, नऊ रात्री जेवणं.
एक बैल गेला, दोन डुकरं,
पीठ उसनं आणावं लागलं.
नातवंडं किती यावर मामांचं भांडण झालं,
एकतीस की बत्तीस;
पुन्तारेनासमधला तो धरायचा की नाही.
धरा, म्हणाली जाऊ. अठ्ठ्याऐंशीची.
एर्सिलियाने धरला असता.

नवव्या रात्री आईने खाटेखालून टोपली ओढली.
अंधारात कोंब इतके वाढले होते
की खाटेच्या फळ्यांना टेकून वाकले होते.
मावश्यांनी फडक्यावर वाटे घातले,
नावं घेत, हळूच, कोंब मोडू नयेत म्हणून.
एक वाण कमी भरला.
पुन्हा मोजलं. कमीच.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
जप सुरू झाला,
आणि मी कोटाच्या खिशावर हात ठेवून
सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं.