सुतानं कापलेलं

मंगळवारी, बाजार अर्धाअधिक उठल्यावर
पंचफुलाबाई गावंडे ओट्यावर टेकल्या.
पदराच्या गाठीतून काढलं डोरलं:
दोन वाट्या, चार मणी,
काळी पोत तुटलेली.
एका वाटीची कडी उघडी पडलेली,
दुसरीची इतकी बारीक
की चिमट्यात धरताना मी श्वास रोखला.

"वेचनीत तुटली," म्हणाल्या,
"ओटीतल्या कापसात घावली म्हनून बरं,
नाहीतं जिनिंगलेच गेली असती."

बाबांच्या वहीत गुंजा, माझ्या काट्यात मिलिग्रॅम.
कसंही मोजलं तरी
दोन गुंजा कमी.

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"एक इचारू भाऊ? राग नोका मानू.
तुमच्या बापानं तवाच कमी तं नोहोतं भरलं?"

समोर भेंडीवाला उरलेला ढीग
अर्ध्या भावात ओरडत होता.
मला उत्तर द्यायला वेळ लागला.

कारण बाबांनी कमी भरलं होतं, पुष्कळांचं.
बावनकशी मागणाऱ्या प्रत्येकाच्या डोरल्यात
गुंजभर तांबं, न सांगता.
म्हणायचे, चोख सोनं मऊ,
ते कामाच्या बाईच्या गळ्यात टिकत नाही,
ते बसून खाणारीचं.
तांब्यानं वाचलेल्या सोन्याचं काय केलं
हे मात्र कधी बोलले नाहीत,
आणि आमचं घर गावात सगळ्यांच्या आधी
सिमेंटचं झालं.

फक्त या एका डोरल्यात नाही.
पंचफुलाबाईंचे वडील रात्रभर
बागेसरीसमोर उकिडवे बसले होते,
मुशीवरून नजर न हलवता,
विडी विझली तरी ओठात.
पंचक्रोशीत एकट्याचं सोनं निखळ उतरलं.
तेच झिजलं.

हे कसं सांगायचं बाईला?

मी कसोटी काढली. रेघ ओढली.
तेजाबाचा थेंब टाकला.
रेघ होती तशीच,
हळदीचं बोट फिरवावं तशी.
मग भिंग दिलं हातात. म्हटलं, बघा,
कडीला आतून चर पडलाय,
बरोबर सुताच्या जाडीचा.
विहिरीच्या काठाला दोराचा पडतो ना,
तसा.

एक डोळा मिटून त्या बघत राहिल्या.
"म्हंजे सुतानं कापलं?"
सुतानं.
"कापसाच्या?"
कापसाच्याच.

हसायला लागल्या.
"जलम गेला माया कापूस येचता येचता,
अन् थो माया गयाशी बसून
सोनं येचत होता!"

मी म्हटलं, सगळं आटवतो, तांबं घालतो,
मग नाही जायचं.
त्यांनी वाट्या तळहातावर घेतल्या,
अंगठ्यानं पुसल्या,
दोन्ही वाट्यांत जुन्या हळदीचा मळ.

"वाट्याले हात नोका लावू.
कड्यात टाका तांबं.
झिजाचं काम कड्याईचं हाये."

पंचवीस वर्षांत मला जे
तोडक्यामोडक्या शब्दांतही मांडता आलं नाही
ते बाई ओट्यावर बसून बोलून गेल्या.
मजुरी ठरली. घासाघीस केलीच त्यांनी.
पाचची बस धरायला निघाल्या,
तुटलेली पोत तिथंच टाकून.

रात्री ती निखाऱ्यावर जाळली,
बाबा शिकवून गेले तशी.
राख चोळली, पाण्यानं निवळली,
टाकणखार घालून फुंकणीनं जाळ दिला.
आधी काहीच नाही.
मग खसखशीहून लहान एक पिवळा ठिपका
गोळा झाला, थरथरला, थिजला.
काट्यानं त्याची दखल घेतली नाही.

असे ठिपके आम्ही झारेकऱ्याच्या राखेत जमा करतो,
वर्षाला त्याचे पैसे येतात.

हा मी चिमट्यानं उचलला
आणि तांब्यासोबत नव्या कडीच्या मुशीत सोडला.
कमी झालेलं काही भरून निघालं नाही त्यानं.
बाबांच्या वहीत त्या पानाखाली जागा होती,
पेन उघडलं,
काय लिहायचं ते सुचेना,
तारीख टाकली.