हळदीचं पाणी

बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली.
तो म्हणाला, इन्व्हर्टरला?
मी म्हणाले, गाण्यांना.
त्यानं सुट्टे पैसे दोनदा मोजले.

अब्बांचं 'गुलशन साउंड' सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं,
हळदीच्या गोदामाला भिंत लागून.
सौद्याच्या दिवसांत सगळंच पिवळं :
कर्णा, चहाचे कप, अब्बांच्या पापण्या.

त्र्याऐंशी रेकॉर्ड उरल्यात.
खालच्या फळीवरच्यांची लेबलं पुरात गेली,
त्या वाजवूनच ओळखायच्या.

रीत अब्बांचीच. शाम्पूचा थेंब, त्याहून कमी चालेल.
मलमलच्या जुन्या ओढणीच्या तीन घड्या.
कापड रेघेच्या वाटेनं फिरवायचं;
आडवं फिरवलंस तर गाणं आडवं येतं.
उन्हात ठेवलीस की पापड.
आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट दाखवायचं नाही,
विरघळून जाते. असं म्हणून ते
मन्सूर मिस्त्रीकडे बघायचे.

पहिल्या पुसण्यात कापड काळं,
दुसऱ्यात पिवळं.
ही हळद यार्डातली, की मांडवातली?
बुधगाव, कवलापूर, माधवनगर...
हळद लागलेल्या पोरी धावत यायच्या,
चाचा, तेच परत लावा,
आणि ओलं बोट टेकवून दाखवायच्या, कुठलं.
अब्बा ओरडायचे नाहीत.
ती बोट उचलेपर्यंत थांबायचे.

बिनलेबलाची एक लावली. पहिल्या सुरालाच कळलं :
'हळूच' या शब्दावर अडकणारी.
हळूच हळूच हळूच,
मग अब्बा सुईला नखाचा धक्का द्यायचे.
इतकी लग्नं तिनं लावली
की बुधगावात बायका ते गाणं नुसतं तोंडानं म्हणतानाही
हळूच तीनदा म्हणतात.
मला वाटायचं, गाणंच तसं आहे.

आज ती धुतली, भांड्यांच्या स्टँडवर
ताटल्यांच्या ओळीत उभी वाळवली,
पुन्हा लावली. नख तयार ठेवलं.

ओरखडा नव्हताच तो.
कुणाच्या तरी बोटाची हळद होती,
मोहरीएवढीही नाही.

सुई न थांबता पुढच्या कडव्यात गेली,
आणि मी मागं एकटीच
हळूच
हळूच