डावी बाजू

मोंटानात, बेअर गल्चच्या उतारावर,
गव्हाची शेतं संपतात तिथे
योव्हांका ग्रबिच दगड उलगडते.
फोडत नाही, उलगडते:
छिन्नी कडेला लावायची, तीन हलके ठोके,
मग थांबायचं. चौथा दगडच ठरवतो.
आजा ब्राच बेटावरून आलेला, गवंडी.
त्याच्या हातोड्याचा दांडा तिने दोनदा बदलला,
डोकं तेच.

स्वयंपाकघरातल्या खिडकीला कट्टा हवा होता.
लादी दुभंगली आणि आत मासा:
कॉटनवूडच्या पानासारखा रुंद,
कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब,
पर एवढे मोठे की शिंप्याने झालर लावावी
आणि जास्तीचं कापड कापायचं विसरावं.
तोंडात मोजके दात,
आकार पाकळीचा, धार पटाशीची.

हाडं नव्हती त्याला. सगळी कूर्चा.
तिने धुळकट बोटांनी स्वतःचा कान दुमडून पाहिला.
एवढ्यावर हा जगला.

घाई त्याच्या अंगातच नव्हती.
उथळ, कोमट खाडी, तळाशी स्पंजांची दाट वस्ती;
हा तिच्या बोळांतून सरकायचा,
मागेसुद्धा, वळायचा जागच्या जागी.
बारके चपळ मासे त्याला ओलांडून जायचे.
त्याचं काम समोरच होतं:
ज्याला कुणी तोंड लावत नाही ते
खरखरीत, कडवट, घट्ट चिकटलेलं
खुडायचं, भरडायचं, गिळायचं.
मोठी सावली आली की स्पंजाआड उभं राहायचं
आणि अरुंद व्हायचं.

मग कधीतरी गाळ आला, पिठासारखा मऊ.
किती वेळ लागला, दगड सांगत नाही.
फक्त शेपटी किंचित वर आहे,
म्हणजे तेव्हाही तो वळत असावा.

हटराइट वसाहतीतला इलायस अंडी घेऊन आला होता.
बराच वेळ बघून म्हणाला, "प्रलयातला?"
"असेल," ती म्हणाली. "ते टोक धर. पाठ सांभाळ."

उजवी बाजू बोझमनला गेली,
पिकअपच्या मागे, जुन्या रजईत गुंडाळून.
तिथे तिला क्रमांक आहे, मंद दिवा आहे.
डावी खिडकीला बसली, मासा खालच्या अंगाला.
लोक विचारतात, वर का नाही ठेवलास?
कॉफी सांडते, ती म्हणते.

कट्टा भिंतीबाहेर चार बोटं आलाय.
कप विसळताना तिचा हात
न बघता त्याच्याखाली जातो,
ओल्या बोटांना दात लागतात.
पाणी म्हणायचं तर तेवढंच.