टाच

दांडिया बाजारातल्या राममंदिरात
मोरेश्वरबुवा उभे राहायचे
भाजीवालीपुढे उभं राहावं तसे,
एका पायावर भार,
दुसरा आपला उगाच सोबतीला.

साथीला आम्ही तिघं: पेटीवर मी,
तबल्यावर भालबा टिपरे, आणि पंखा,
जो दर फेऱ्याला एकदा खरडायचा.
बुवा त्याच्याही समेवर मान हलवत.

मारुती समुद्रापाशी आला
की बाकीचे बुवा काय काय करत!
एकाने तर उडी घेऊन समई लवंडली होती,
सतरंजीवर तेलाचा डाग अजून आहे.
आमचे बुवा उपरण्याने तोंड पुसत,
पुढ्यातल्या पोराला विचारत,
"काय रे, शाळा सकाळची का दुपारची?"
तेवढा वेळ समुद्र थांबून असे.
मग बोलता बोलताच,
फार काही घडत नसल्यासारखी,
उजवी टाच
जमिनीपासून बोटभर सुटायची.

बस्स.

अख्खं देऊळ वर बघायचं.
दाराशी चण्याची टोपली घेऊन टेकलेली जशीबेन,
जिला मराठी अर्धंमुर्धं कळे,
एकदा मोठ्यानं म्हणाली, "ऊड्यो!"
मी भाता मारायचा विसरलो.

घरी दार लावून, आरशापुढे, मीही करून पाहिलं.
खांदे कानांना भिडले,
पोटरीत गोळा आला.
बाहेरून आईने विचारलं, पाय मुरगळला का रे?

बुवांना सांगितलं. ते पानाला चुना लावत होते.
"तू मारुती करायला जातोस," म्हणाले, "कशाला?
तो त्याचा जाईल.
चप्पल शोधताना टाच उचलतोस ना,
तेवढीच."

मला रागच आला.
अकरा वर्षं पेटी वाजवतोय यांच्यामागे,
आणि चप्पल.

त्या रात्री कीर्तन आटोपलं आणि वीज गेली.
पायरीवर अंधार, चपलांचा ढीग.
बुवा माझ्या खांद्यावर हात टाकून
जशीबेनशी पोंकाचा भाव बोलत होते,
यंदा महागच म्हणे,
आणि पाय आपला आपण
खाली चाचपत होता.
टाच सुटली.

मी वर पाहिलं.

तारेत अडकलेला उत्तरायणचा एक फाटका पतंग,
बाकी आभाळ नेहमीचं.
तरी बघत राहिलो मान दुखेपर्यंत.
तोवर बुवांना चप्पल सापडली होती,
माझी,
आणि ती घालून ते
कोपऱ्यापर्यंत पोचलेसुद्धा.